सोय

डिसेंबर २०२० मधले अकरा दिवस मी मासळी बाजारात बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणून नाही, विकायला. माझ्या दोन्ही बाजूंना बायका, समोरच्या ओळीतही बायका. पुरुष मी एकटा. बर्फाची गाडी घेऊन एक पोऱ्या यायचा, तोही बर्फ टाकून निघून जायचा.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आईच्या जागेवर पाटी मांडली. अर्धा तास एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही. लोक यायचे, आईच्या जागेकडे बघायचे, मग मला बघायचे आणि पुढे सरकायचे. एका नेहमीच्या काकांनी विचारलं, "बाई कुठे गेल्या?" मी म्हटलं, मी त्यांचा मुलगा, बोला काय देऊ? ते म्हणाले, "नको, त्या आल्या की येईन." शेजारची म्हातारी हे सगळं बघत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आरं बाला, तू कनाला बसलास? पापलेट धरता येत नाय, बायको कशी धरशील?" दोन्ही ओळी हसल्या. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अलिबाग-मुरुड रस्त्यावरच्या एका कोळीवाड्यात वाढलो. २०१९ मध्ये डिग्री झाली, पुण्यात नोकरी लागली आणि वर्षाच्या आत लॉकडाऊनमुळे लॅपटॉपसकट घरी परत आलो. नोव्हेंबरात आई बाजारातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाजारातली जागा सहा आठवडे रिकामी ठेवली तर ती आपली राहत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. कागदावर काही नसतं. आजीनं ती जागा आईला दिली होती, सासूकडून सुनेला. जागेवर रोज कोणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा सातबारा.

पहिले काही दिवस मावशी बसली. मग तिच्या घरी कोरोना शिरला. माझं काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, लॉगिन दुपारी दोनला. सकाळ मोकळी. मी म्हटलं, मी बसतो.

धाकटी बहीणही तेव्हा घरीच होती. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेज ऑनलाइन. ती बसायला तयार होती, आईनंच नाही म्हटलं. "तिला तिथं बसवायची असती तर मी एवढी वर्षं कशाला बसले असते?" मी बसलो तर ते गमतीचं होतं, फार तर कौतुकाचं. ती बसली असती तर लोकांच्या दृष्टीनं ती तिथलीच झाली असती.

*

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर कोळी समाजात कामाची वाटणी भरती-ओहोटीच्या रेघेवर झालेली आहे. पाण्यातलं काम पुरुषाचं. नाखवा, तांडेल, खलाशी सगळे पुरुष. मासळी धक्क्यावर आली की पुढचं बाईचं. निवडणं, बर्फात लावणं, वलांडीवर बोंबील सुकत घालणं, बाजारात नेणं, विकणं, उधारी वसूल करणं. पैसा तिच्या हातात येतो. आमच्याकडे डिझेलचे पैसे बाबा आईकडून मागून घेतात. कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा घाटावरच्या मित्रांना खरं वाटलं नव्हतं.

बाई पाण्यात अजिबात जात नाही असंही नाही. ओहोटीला खडकांवरची कालवं काढायची, खाडीत तिसऱ्या वेचायच्या, हे काम बायकांचंच. म्हणजे गुडघाभर, कधी कंबरभर पाण्यापर्यंतचा समुद्र बाईचा आहे. त्यापुढे बोट लागते, आणि बोट पुरुषाची.

बाजारात बसायला लागल्यावर मला पहिला धक्का बसला तो हिशोबाचा. मी आदल्या रात्री एक्सेल शीट केली होती. खरेदी, बर्फ, मिनिडोरचं भाडं, वर इतके टक्के. पहिल्या दिवशी त्या भावाला चिकटून बसलो आणि दुपारी एक वाजता अर्धी पाटी बांगडे शिल्लक राहिले. आईचा भाव सकाळी सातला एक, नऊला एक, साडेबाराला एक. कोणाला घासाघीस करू द्यायची, कोणाला आधीच शेवटचा भाव सांगायचा, वाट्यात एखादी मांदेली जास्त कधी टाकायची, कुठल्या खानावळवाल्यासाठी हलवा झाकून ठेवायचा, कोणाचा उपास कुठल्या वारी, हे सगळं तिच्या डोक्यात. उधारीची वही नाही. प्लास्टरच्या हातानं ती मला रात्री तोंडी यादी द्यायची, त्यात सव्वीस नावं होती आणि एकही आकडा चुकला नाही. हे काम बायकांना का जमतं, असं विचारलं की लोक म्हणतात, बायकांना बोलायची सवय असते. मला विचाराल तर तीस वर्षं रोज केलं म्हणून जमतं.

दुसरा धक्का वेगळा होता. तिसऱ्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला मला लघवीला लागलं. उठलो, बाजाराच्या मागच्या भिंतीकडे गेलो, परत आलो. दोन मिनिटांचं काम. बसता बसता सहज शेजारच्या काकूंना विचारलं, बायकांसाठी कुठे आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ॲमेझॉनवरून मासळी मागवायची गोष्ट करतोय. "कुठं असनार? सकालपासून पानी पित नाय आमी."

सकाळी सहा ते दुपारी एक. सात तास. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, सवय होते. मग सांगितलं की दोनदा लघवीच्या जागी इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टर पाणी प्या म्हणाले, ती हो म्हणाली आणि बाजारात जाताना पाणी न पिता गेली. मी तेवीस वर्षांचा होतो, आईच्या पैशावर इंजिनिअर झालो होतो, आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं.

*

'सोय नाही' हे शब्द मला त्यानंतर सारखे ऐकू येऊ लागले. आपल्याकडे बाईनं अमुक काम करू नये असं हल्ली कोणी तोंडावर म्हणत नाही. म्हणतात, सोय नाही.

जानेवारीत आमच्या बोटीवरचे दोन खलाशी आले नाहीत. एक नेपाळचा, एक उत्तर प्रदेशचा. लॉकडाऊनमध्ये गेले होते, त्यातले परत फिरकलेच नाहीत. आता किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटींवर खलाशी असे लांबून आलेले असतात, कारण कोळ्यांच्या मुलांना समुद्र नको आहे. त्यात मीही आलो. जिथे समुद्रच नाही अशा मुलखातून माणूस आणायचा, पहिले आठ दिवस तो ओकणार, मग शिकणार, त्याला खायला घालायचं, आगाऊ पैसे द्यायचे. हे सगळं बाबा दर वर्षी करतात. घरात एक मुलगी आहे जिला इंजिनच्या आवाजावरून कुठला इंजेक्टर मारत नाही ते कळतं, तिचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

ही बढाई नाही. धाकटी लहानपणापासून शाकारलेल्या बोटीत बाबांच्या मागे मागे असायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकलं. घरावरचे पत्रे गेले आणि त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. माझ्या मॅनेजरला मेसेज करायलाही फोनमध्ये चार्ज नव्हता. तिनं बोटीची बॅटरी घरी आणली, जुना इन्व्हर्टर जोडला, बॅटरी उतरली की शेजारच्या टेम्पोवर चार्ज करून आणायची. माझी नोकरी त्या महिन्यात बोटीच्या बॅटरीवर चालली, आणि ती जोडणी तिची होती.

तर खलाशी नव्हते. ती म्हणाली, मी येते. बाबा म्हणाले, "बोटीवर सोय नाय." आणि मला घेऊन गेले.

दोन रात्री. मी पहिल्या तासापासून ओकत होतो. जाळं ओढायला हात लावला, तळहात सोलले, मग बाबांनीच मला केबिनमागे झोपवलं. बाबा आणि एक खलाशी, दोघांनी चौघांचं काम केलं. सोय म्हणजे काय ते तिथे बघितलं. बोटीच्या मागच्या टोकाला दोरी धरून बसायचं. एवढंच. पुरुषांसाठीही तिथे काही नव्हतं, पण त्याला कोणी 'सोय नाही' म्हणत नव्हतं.

परत आलो तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. बोट लागायच्या आधीच ओरडली, "एक इंजेक्टर मारत नाय!" दुपारी तिनं तो काढून साफ केला. बाबा तिला पाना देत होते. धक्क्यावर बोटीत उतरायला तिला कोणाची हरकत नव्हती. तीच बोट पन्नास वाव पुढे गेली की मात्र तिच्यासाठी नव्हती.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "आई बाजारात सात तास बसते. तिथं काय सोय आहे?" बाबा म्हणाले, "ती बाजाराची गोष्ट." आई डाव्या हातानं जेवत होती. ती म्हणाली, "मला बसवताना कोणी विचारलंच नव्हतं, सोय आहे का म्हणून."

*

हे वाक्य घेऊन मी नंतर बरंच वाचलं. इंजिनिअर माणूस, एखादा बग सापडला की तो आणखी कुठे कुठे आहे ते बघायची सवय.

एस्टर बोझरुप नावाच्या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जिथे शेती कुदळीनं होते तिथे बायका शेतात जास्त दिसतात आणि जिथे नांगर आला तिथे शेत पुरुषाचं झालं. आपल्याकडे त्याची एक वेगळी आवृत्ती आहे. भाताच्या मुलखात रोपं लावायला वाकणारे हात लागतात, म्हणून कोकणातली बाई शेतात आहे. नांगर आणि चिखलणी पुरुषाची, लावणी बाईची. आता पॉवर टिलर आला तोही पुरुषाच्या हातात गेला. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, उरण-पनवेलच्या बाजूला, बंदर आणि शहरासाठी भातखाचरं गेली. तिथे नवीन कामं आली ती ट्रेलर चालवायची, कंटेनर हलवायची. बाईच्या हाताला असलेली लावणी गेली, तिच्या बदल्यात बाईसाठी काय, हा प्रश्नच फॉर्ममध्ये नव्हता.

यंत्र किंवा चाक आलं की काम पुरुषाचं होतं, हे आपण रोज बघतो पण म्हणत नाही. जातं बाईचं, पिठाच्या गिरणीत पांढऱ्या भुवयांचा माणूस. विहिरीचं पाणी बाईनं शेंदायचं, टँकर चालवायला ड्रायव्हर. घरचा स्वयंपाक बाईचा, लग्नात आचारी. आता आमचाच धंदा बघा. डोक्यावर पाटी होती तोवर मासळी विकणं हे बाईचं काम होतं. लॉकडाऊनमध्ये मोटरसायकल, मागे बर्फाची पेटी आणि व्हॉट्सॲप ग्रुप आला. आमच्या भागात दारोदार मासळी नेणारी बहुतेक मुलं आहेत, त्यातली निम्मी कोळीही नाहीत. पुरुषानं मासळी विकायला बसू नये हा नियम मोटरसायकलवर बसल्या बसल्या संपला. मला हसणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांच्याकडून पापलेट घेताना काही वाटत नाही. बाजारातल्या बायका म्हणतात, आमचं गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं राहिलं.

घाटावर जा. बीडचा ऊसतोड कामगार नवरा-बायकोच्या जोडीनं जातो, त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. आईच्या हातातही कोयता आहे, त्यानं ती सुरमईचे तुकडे करते आणि पैसे स्वतःच्या बटव्यात टाकते. ऊसतोडीच्या कोयत्यात नवऱ्याइतकंच काम बाई करते, पण मुकादमाची उचल सहसा नवरा घेतो. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीचे चार दिवस नाहीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पाणी न पिता बाजारात जाणारी आई डोळ्यांसमोर आली. जिथे बाईची गरज असते तिथे सोय नाही म्हणून तिला कोणी परत पाठवत नाही. तिथे ती स्वतःचं शरीर सोयीचं करून घेते.

आणि समुद्र बाईचा नाही म्हणावं, तर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर बायकाच समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शिंपले काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. ऑक्सिजनचं नळकांडं न लावता. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. एवढं लांब नको असेल तर रामेश्वरमजवळच्या किनाऱ्यावर बायका बुड्या मारून समुद्री शेवाळ काढतात. आणि केरळमध्ये त्रिशूरच्या किनाऱ्यावरच्या के. सी. रेखा नवऱ्यासोबत बोटीनं मासेमारीला जातात, कारण त्यांनाही खलाशी परवडत नव्हते. समुद्र सगळीकडे तोच खारट आहे. काम कोणाचं ते मात्र किनारा बदलला की बदलतं.

सरकारी आकड्यांत २०१७-१८ साली पंधरा वर्षांवरच्या शंभर भारतीय बायकांपैकी २३ जणी कामात होत्या किंवा काम शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा जवळजवळ ४२ झाला. वाढ खरी आहे, पण तिचा मोठा भाग गावाकडचा आहे, स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा. आमच्या आळीत कोणी पाहणीला आलं आणि वलांडीवर बोंबील घालणाऱ्या बाईला विचारलं, काय काम करता, तर ती ओल्या हातानं पदर सारखा करत म्हणेल, काही नाही, घरीच असते. आई मात्र म्हणेल, धंदा करते. तिच्या हातात पैसा येतो, एवढाच दोघींमधला फरक.

*

आता माझ्या धंद्याबद्दल. भारतातल्या आयटी कंपन्यांत साधारण एक तृतीयांश बायका आहेत. कारखान्यांच्या मानानं हे पुष्कळ. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यात कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्या घेणाऱ्यांत बायका ३७ टक्के होत्या, नंतर त्या निम्म्यावर आल्या. तिथे कॉम्प्युटर हा मुलांचा खेळ ठरला. आपल्याकडे उलटं झालं. एसीत बसून काम, कपडे मळत नाहीत, घरी न्यायला गाडी. कॉम्प्युटर मुलींसाठी 'बरा' ठरला. सोयीचा.

पण आतही रेघ आहेच. माझ्या टीममध्ये टेस्टिंगला मुली जास्त, सर्व्हर सांभाळणाऱ्यांत जवळजवळ सगळे मुलगे. रात्री दोनला सिस्टीम पडली तर फोन मुलांनाच जातो. मॅनेजर चांगला माणूस आहे, तो म्हणतो, मुलींना कशाला रात्रीचा त्रास. वर्षाच्या शेवटी प्रमोशन कोणाचं होतं? ज्यानं रात्री दोनला सिस्टीम उठवली त्याचं. १९४८ च्या कारखाने कायद्यातही बायकांना रात्री कामावर ठेवायला बंदी होती, संरक्षण म्हणून. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं बाईची संमती आणि सुरक्षेची, प्रवासाची व्यवस्था असेल तर रात्रीचं काम खुलं केलं. म्हणजे सोय करता येते, हे कायद्यालाही कळलं.

पुण्यातल्या लोकांना सुधा मूर्तींची गोष्ट पाठ असते. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत लिहिलं होतं की मुलींनी अर्ज करू नये. त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि नोकरी मिळवली. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात आज गाड्यांची एक अख्खी असेंब्ली लाइन बायका चालवतात. मधल्या काळात बायकांच्या हाडांत काही बदल झालेला नाही.

हे सगळं मी धाकटीला सांगत होतो. तेव्हाच, जानेवारीत, ओटीवर बसून. बाबा कसे चुकतात ते सांगत होतो. बोझरुप, बीड, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तू?"

मला कळलं नाही.

"माझा ऑप्शन फॉर्म कोणी भरला होता?"

२०१८ मध्ये तिची सीईटी झाली. तिला मेकॅनिकल हवं होतं. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म मीच भरला होता, घरात कॉम्प्युटर येणारा मीच. तिनं कागदावर क्रम लिहून दिला होता, पहिले तीन मेकॅनिकल. मी फॉर्म भरताना वर नऊ कॉम्प्युटर आणि आयटी टाकले, मेकॅनिकल खाली ढकललं. दुसऱ्याच क्रमांकाला सीट लागली. तिला म्हटलं, मेकॅनिकलचा कटऑफ जास्त होता. तो जास्त नव्हता, मेकॅनिकल तेव्हा उतरतीलाच लागलं होतं. मी माझ्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात तीन मुली बघितल्या होत्या. वर्कशॉपमध्ये त्यांच्यावर होणारे विनोद ऐकले होते, त्यातले काही मी सांगितले होते. प्लेसमेंटला येणाऱ्या एका कंपनीचे लोक खासगीत सांगायचे, शॉप फ्लोअरला मुली नको, सोय नाही. मला वाटलं, मी तिला वाचवतोय.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"ॲडमिशनला गेले तेव्हापासून. प्रिंटआउट फाइलमध्येच होती."

अडीच वर्षं ती काही बोलली नव्हती. मी म्हटलं, तुझ्या सोयीसाठीच केलं. शब्द तोंडातून निघाला आणि दोघांनाही ऐकू आला. ती हसली. ते हसू मला बाजारातल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

*

आज ती ऐरोलीत नोकरी करते, टेस्टिंगला आहे, पगार चांगला आहे. पगाराच्या बाजूनं बघितलं तर माझा क्रम बरोबर होता, तिच्या वर्गातल्या मेकॅनिकलच्या पोरांना विचारा. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं आहे. पण तो फॉर्म तिचा होता.

गेल्या वर्षी तिनं एक गोष्ट केली. समुद्रात जायचं तर मच्छीमाराचं ओळखपत्र लागतं. माझं बाबांनी मी दहावीत असतानाच काढून ठेवलं होतं, मी एकदाही समुद्रात गेलो नव्हतो तरी. तिचं कधी काढलंच नव्हतं. तिनं सुट्टी टाकून ते काढलं. मग १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली आणि ती दोन दिवस रजा घेऊन घरी आली. येताना ताडपत्रीचा तुकडा, नायलॉनची दोरी, चार हुक आणि झाकणाची बादली घेऊन आली. केबिनच्या मागे, जिथे मी ओकून पडलो होतो तिथे, तिनं आडोसा बांधला. बिल तिनं व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपला टाकलं. ६४० रुपये.

बाबा आले, बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ही गाठ वाऱ्याला सुटेल," आणि सोडून पुन्हा मारली.

ती गेली. पहाटे निघून संध्याकाळी परत, रात्रीची नाही. एवढ्यावर दोघांची तडजोड झाली. तिला ओकारी झाली की नाही हे तिनं मला सांगितलेलं नाही. आता सुट्टीला आली की एखादी फेरी मारते. याला मी क्रांती म्हणणार नाही. बोटीचे कागद बाबांच्या नावावर आहेत, सोसायटीतलं सभासदत्व त्यांच्या नावावर आहे, खलाशी अजून नेपाळहूनच येतात आणि सोमवारी ती लॉगिन करते. खलाशी मात्र तो आडोसा वापरतात. दोरी धरून मागच्या टोकाला बसायचं कोणालाच आवडत नव्हतं म्हणे.

आईचं मनगट पावसाळ्यात दुखतं, पण ती बसते. बायकांनी अर्ज-विनंत्या करून बाजाराच्या मागे दोन संडास बांधून घेतले. त्याला कुलूप असतं आणि किल्ली आठवड्याच्या पाळीनं एकेकीकडे. आईची पाळी असते तेव्हा किल्ली तिच्या बटव्याला बांधलेली दिसते. ती आता बाजारात पाण्याची बाटली नेते.

तिच्यानंतर त्या जागेवर कोण बसणार, हे घरात कोणी बोलत नाही. धाकटीनं बसू नये असं आईला अजून वाटतं. मी त्या अकरा दिवसांबद्दल पुण्यात मित्रांना पुष्कळदा सांगतो, पापलेटचा किस्सा रंगवून सांगतो, लोक हसतात, कौतुक करतात. त्यानंतर मी आईच्या जागेवर बसलेलो नाही. कोणी बस म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.